अळणी भाजीवर दोन तास

आई वाचते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. मग मुलांनाही वाचनाची गोडी लागली असेल, नाही? विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. तरी मला तो प्रश्न हल्ली खटकतो. बाबा रात्री मॅच बघत बसले तर त्यानं मुलाची फलंदाजी सुधारली का, असं कुणी विचारत नाही. आईनं मात्र योगासनं केली की घराचं आरोग्य, आई इंग्रजी शिकली की मुलांचा अभ्यास, आणि आईनं कादंबरी हातात घेतली की मुलांवर संस्कार. तिचं तिला काय मिळालं, हा प्रश्न यादीत नसतोच.

ही सवय जुनी आहे. स्त्रीशिक्षणाची वकिलीच आपल्याकडे बऱ्याच अंशी या वाटेनं झाली. बाई शिकली तर मुलं नीट वाढवेल, शिकलेल्या नवऱ्याला शोभेल. त्या काळात तेवढंच लोकांच्या गळी उतरण्यासारखं असणार, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यातही घरात काय चालायचं ते बघा. रमाबाई रानड्यांचं लग्न झालं 1873 साली. न्यायमूर्तींनी त्यांना शिकवायला घेतलं आणि घरातल्या बायकांनी टोमणे मारमारून त्यांना नको नको केलं. 1910 साली आलेल्या त्यांच्या आठवणींत हे सगळं आहे. सुधारक नवरा एका बाजूला, घरातलं बायकांचं माजघर दुसऱ्या बाजूला, आणि मधे पाटी घेतलेली ही मुलगी. माजघरातल्या बायकांचा मला पूर्वी राग यायचा, आता तेवढा येत नाही. आपल्यातलीच एक उठून दिव्याजवळ जाऊन बसते आणि आपल्याला तिथं जागा नाही, हे रोज बघायचं म्हणजे सोपं नव्हे. तिनं वाचलेलं त्यांनाही कुणी सांगितलं असतं, त्यावर त्यांचंही मत विचारलं असतं, तर निदान काहीजणींचे टोमणे थांबले असते असं मला वाटतं.

आमचा वाचनाचा गट नाशिकला, जेलरोडला. ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नाशिकरोड स्टेशनच्या बाजूचा हा पट्टा. एकीकडे मध्यवर्ती कारागृह, म्हणून जेलरोड, आणि जवळच नोटा छापायचा कारखाना. इथं कुणी ‘प्रेसला आहेत’ म्हटलं तर पत्रकार असतील असं कुणाच्या मनातही येत नाही. अशाच एका प्रेसवाल्यांच्या घरातल्या वहिनी आमच्या गटात आहेत. शिवाय एक नर्स, जिच्या ड्यूट्या बदलल्या की आमचा वार बदलतो. एक जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मॅडम. चौथ्या मजल्यावरच्या काकू, ज्या आई तर आहेतच, वर आजी आणि सासूही. आणखी दोघी-तिघी येऊन-जाऊन. सुरुवात झाली ती भिशीतून. भिशीत दर वेळी जिची पाळी तिनं काहीतरी नवीन करायचं, मग पुढचीनं त्याच्यावर कडी करायची, असं होत होत एकीनं तीन प्रकारचे चाट केले आणि दुसऱ्या दिवशी ताप काढला. तेव्हा ठरलं की पैसे चालू राहू देत, खाणं बंद. चहा आणि कांदा-लसणाचा चिवडा, एवढंच. मग दोन तास करायचं काय? मॅडमनी पिशवीतून एक पुस्तक काढलं.

त्या पुस्तकाच्या आमच्या प्रतीला आता खाकी कव्हर आहे. एकाच प्रतीवर आम्ही सगळ्यांनी वाचलं. आतल्या पानावर आमची नावं, कुणी कधी नेलं ते. समासात पेन्सिलीच्या खुणा आहेत. मॅडमची बरोबरची खूण, नर्सचं प्रश्नचिन्ह, आणि वहिनींनी काही ठिकाणी ओढलेली नुसती आडवी रेघ, इतकी दाबून की मागच्या पानावरही उमटलीय. शेवटच्या कोऱ्या पानावर कुणीतरी दुधाचा हिशेब मांडला आहे. सत्तावीस लिटर, तीन दिवस खाडा. कुणी ते कबूल करत नाही.

पुस्तक होतं ‘श्यामची आई’. निवडताना आम्ही नाकं मुरडली होती. शाळेत होऊन गेलंय, सिनेमा बघून झालाय, रडूनही झालंय. पण मॅडम म्हणाल्या, अहो, हे पुस्तक आपल्या शेजारी लिहिलंय. खरंच की. साने गुरुजींनी ते 1933 साली लिहिलं ते नाशिकच्या तुरुंगात. आम्ही रोज भाजी आणायला जिथून जातो तो जेल. गणपतीच्या आधी कैद्यांनी केलेल्या मूर्ती घ्यायला जिथं गर्दी होते तो जेल. गुरुजींची आई गेली 1917 ला. म्हणजे आई जाऊन पंधरा-सोळा वर्षं झालेली, लग्न न केलेला, तिशी ओलांडलेला एक माणूस त्या भिंतीआड बसून आईला आठवतोय. हे डोक्यात ठेवून पुस्तक उघडलं की पहिल्या पानापासून ते वेगळं लागतं.

आणि आणखी एक गोष्ट झाली, जी आम्हा कुणाच्याच लक्षात आधी आली नव्हती. लहानपणी वाचताना आम्ही सगळ्या श्याम होतो. ओले पाय मळू नयेत म्हणून दगडावर आईनं ओचा पसरावा, ते पाय आपले. आता वाचताना ओचा आपला. बाजू बदलली होती आणि या बाजूनं बघितलं तर पुस्तक भलतंच अवघड आहे. बेचाळीस रात्री एक मुलगा सांगतोय की माझी आई कशी होती, आणि बेचाळीस रात्री आपण मनात ताळा करतोय की आपण तशा नाही.

पहिल्याच बैठकीत आम्ही ‘अळणी भाजी’पाशी अडकलो ते दोन तास हललोच नाही. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील जेवायला बसतात, काही बोलत नाहीत, उलट भाजी छान झालीय म्हणतात. मुलंही त्यांच्याकडे बघून गप्प खातात. मग आई जेवायला बसते, पहिला घास घेते आणि तिला कळतं. मॅडमनी शाळेतल्यासारखं विचारलं, यातून काय दिसतं? दुसऱ्याचं मन जपणं, असं आम्ही शाळेतल्यासारखंच उत्तर दिलं. प्रेसवाल्या वहिनी मात्र पुस्तक उलटसुलट करत होत्या. त्या म्हणाल्या, “पण तिला एवढ्या उशिरा कसं कळलं? सगळ्यांची जेवणं उरकेपर्यंत ती बसलीच नाही म्हणून ना?”

त्यावर एकदम गलका झाला. काकू म्हणाल्या, “अगं, तेव्हा पद्धतच तशी होती, त्यात काय.” नर्स म्हणाली, पद्धत होती का आहे? तिच्या घरी रविवारी सकाळी पोहे होतात तेव्हा तिच्या वाट्याला कढईला चिकटलेले येतात, आणि ते तिला आवडतात असं घरात सगळ्यांचं पक्कं मत आहे. कुणीतरी म्हटलं, स्वयंपाक करताना चव का नाही बघितली मग? तर काकूंनी सांगितलं, नैवेद्य दाखवायच्या आधी चाखायचं नसतं, त्यांचा हात आजही अंदाजानंच मीठ घालतो. म्हणजे चाखता येत नाही, आधी जेवता येत नाही, आणि मीठ विसरलं तर ते कळायचं शेवटी. मोठेपणा मात्र न बोलता जेवणाऱ्याचा. मॅडम जरा दुखावल्या. त्या म्हणाल्या, वडिलांनी ताट भिरकावलं असतं तर बरं झालं असतं का? ज्या काळात पुरुष तसं सर्रास करायचे, त्या काळात हा माणूस पानावर गप्प बसला, ही साधी गोष्ट नव्हे. आणि त्यांचं म्हणणंही खरंच होतं. आमच्यातली एक, जी एरवी बोलत नाही, ती तेव्हा म्हणाली, “भिरकावतात अजून. म्हणजे भिरकावत नाहीत, सरकवतात. ताट असं पुढे सरकवतात.” आणि तिनं चिवड्याची वाटी हातानं चार बोटं पुढे सरकवून दाखवली.

ती कुणाबद्दल बोलत होती ते आम्हाला कळलं आणि कुणी विचारलंही नाही. वहिनींनी लगेच पुढचं एक प्रकरण काढलं, ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’. तिथं तीच आई म्हणते की जमीन विकू पण कर्जातून मोकळे होऊ, आणि तिचं ऐकलं जात नाही. वहिनी म्हणाल्या, “मिठाचं बोलला नाही, चांगलं केलं. जमिनीचं ती बोलली तेव्हा ऐकायचं होतं.” आमच्या गटात जे काही शहाणपण निघालं असेल त्यात हे एक वाक्य मी वरचं मानते. वहिनींचं शिक्षण दहावी. त्यांच्याच घरात प्लॉट घेण्यावरून काय झालं होतं ते मला ठाऊक होतं, त्यांनाही माहीत होतं की मला ठाऊक आहे, आणि आम्ही दोघी श्यामच्या गावच्या, पालगडच्या शेतजमिनीबद्दल बोलत राहिलो.

मला वाटतं आयांना एकत्र वाचण्यातून काही मिळत असेल तर ते हे. नवऱ्याबद्दल, सासूबद्दल, स्वतःच्या मुलाबद्दल आपण तोंड उघडलं की ते गाऱ्हाणं होतं. ऐकणारीला एक तर धीर द्यावा लागतो, नाही तर उपाय सुचवावा लागतो, आणि ते संध्याकाळपर्यंत चार घरं फिरून येतं. पुस्तकातल्या माणसाची मात्र बदनामी होत नाही. श्यामच्या वडिलांना, भाऊंना, कुणी काही म्हणो, त्यांना जाऊन कुणी सांगणार नाही. त्यामुळे जे बोलायचं ते नीट, अदमास घेत, मागेपुढे करत बोलता येतं. चुकलं तर ‘मी श्यामच्या आईबद्दल म्हणत होते’ असं म्हणून परत फिरता येतं. मैत्रिणींशी मन मोकळं करणं वेगळं. तिथं आपण जे सांगतो तेच पुन्हा पुन्हा सांगतो, आणि मैत्रिणीही आपल्या बाजूच्याच असतात. इथं श्यामच्या आईच्या, यशोदाबाईंच्या निमित्तानं कुणी आपल्या अगदी विरुद्ध बोलू शकतं, आणि घरी जाताना चिवड्याचा डबा तरीही तीच उचलून देते.

पोहण्याच्या प्रकरणावर तर चांगलीच जुंपली. श्याम पोहायला घाबरतो, लपून बसतो, आई शिंपटीनं फटके देत त्याला बाहेर काढते. नंतर वळ बघून तिलाच भरून येतं. नर्स म्हणाली, “तिनं मारलं ते संस्कार झाले. मी मारलं तर शाळेतून समुपदेशनाला बोलावतात.” आम्ही हसलो, पण ती हसत नव्हती. तिचा धाकटा ट्यूशनला जायचं नाही म्हणून गच्चीवर टाकीमागे लपला होता आणि नाइट ड्यूटी करून आलेल्या तिनं त्याला जिन्यातून ओढत आणलं होतं. काकूंना मार चालत होता. मॅडमना अजिबात चालत नव्हता, अगदी साने गुरुजींच्या आईनं मारलेलाही. आणि मग बोलणं हळूहळू मारावरून भीतीवर गेलं. ती आई एवढी का पेटली? मुलगा भित्रा म्हणून गावात नाव होईल याची तिला भीती. नर्सला भीती फीची, मार्कांची, शेजारच्या मुलाची. तिनं पुस्तकात प्रश्नचिन्ह केलंय ते याच पानावर. उत्तर काही मिळालं नाही. पण मुलाला मारल्यावर होणारी जी टोचणी असते ती एकटीनं वागवायची गोष्ट राहिली नाही, हे ती नंतर मला म्हणाली.

बायकांनी जमून वाचलेलं ऐकायचं, हे आपल्याला नवं नाही. श्रावणात हातात अक्षता घेऊन बसायचं आणि एकीनं कहाणी वाचायची, हे माझ्या आईपर्यंत घरोघर होतं. चातुर्मासात पोथी लागायची. पण पोथीला मधे थांबवून प्रश्न विचारत नाहीत. शिवामुठीच्या कहाणीत राजाला चार सुना असतात, तीन आवडत्या, एक नावडती. नावडतीला उष्टं अन्न, जाडंभरडं नेसू. ती का नावडती, हे मी लहानपणी विचारलं तेव्हा मला हात जोडून बसायला सांगितलं होतं. साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण झाली की अक्षता वाहून उठायचं. जात्यावर मात्र बायका एकमेकींना उत्तर द्यायच्या. एकीनं ओवी धरायची, दुसरीनं पुढची जोडायची, त्यात माहेर, सासर, भाऊ, सवत, सगळं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखावर ओव्या गोळा केल्या. दळण गिरणीत गेलं, पाठीला आराम मिळाला, ते उत्तमच झालं. त्याबरोबर दोघींनी समोरासमोर बसायची हक्काची वेळही गेली. आमच्या शनिवार दुपारला मी त्याची भरपाई म्हणणार नाही, तेवढं मोठं काही आम्ही करत नाही. जागा मात्र तीच.

‘श्यामची आई’ संपलं तेव्हा वहिनींनी विचारलं की ही बाई स्वतः काय म्हणाली असती? पुस्तकभर मुलगाच बोलतो. त्या प्रश्नावरून आम्ही लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’कडे गेलो. योग असा की त्याही आमच्याच. जन्म 1868 चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. ‘श्यामची आई’ छापून आलं 1935 ला, आणि ‘स्मृतिचित्रे’चे भाग निघाले ते 1934 ते 1936 मधे. म्हणजे मुलानं सांगितलेली आई आणि आईनं सांगितलेली आई, दोन्ही मराठीत एकाच वेळी दुकानात होत्या.

लक्ष्मीबाईंचा संसार यशोदाबाईंच्या संसारापेक्षा सोपा होता असं कुणी म्हणणार नाही. वडिलांचं टोकाचं सोवळं, नवरा केव्हा घर सोडून निघून जाईल आणि हातातले पैसे कुणाला देऊन येईल याचा भरवसा नाही, मग नवऱ्याचं धर्मांतर, ताटातूट, आणि पुढे स्वतःचंही धर्मांतर. पण बाई सांगते अशी की आपण पोट धरून हसतो. काकूंना आधी ते पटेना. एवढं सोसलेल्या बाईनं असं खिदळत सांगावं? मॅडमचं म्हणणं की मुलगा सांगतो तेव्हा आईचे अश्रू मोठे होतात, आई स्वतः सांगते तेव्हा तिला आपली फजितीही आठवते. त्यावर बरंच बोलणं झालं. मला त्या बैठकीतलं सगळ्यात आवडलं ते पुढचं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं एवढं लिहिलं म्हटल्यावर त्या एरवी न बोलणाऱ्या मैत्रिणीनं पुढच्या वेळी वहीची चार पानं आणली. माहेरच्या विहिरीबद्दल आणि तिथं पाणी भरायला येणाऱ्या बायकांबद्दल. तिनं ती स्वतः वाचली नाहीत, मॅडमना वाचायला दिली आणि आपण चहा टाकायला आत गेली.

बाकी आमच्या गटाचं फार कौतुक करावं असं नाही. परीक्षांच्या दिवसांत कुणी येत नाही. लग्नसराईत कुणी येत नाही. एकीनं आजवर एकही पुस्तक पूर्ण केलेलं नाही आणि मतं तिचीच सगळ्यात ठाम असतात. पोळ्या करताना कानात लावून पुस्तक ऐकणं हे वाचनात धरायचं की नाही, यावर आमच्यात दोन तट आहेत. मी धरावं या बाजूची आहे, कारण नाही धरलं तर नर्सनं काहीच वाचलेलं नाही. माझी नणंद दुबईला असते, तिला तिकडे मराठी पुस्तकांची पेटी मिळते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं विनायक रानड्यांच्या पुढाकारानं 2009 साली सुरू केलेली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ची ही पेटी, ती घरं बदलत फिरते. नणंद कधी कधी व्हिडिओ कॉलवर आमच्यात बसते आणि मधेच आवाज जातो. आम्ही पुस्तकं आणतो ती शहरातल्या सावानातून, म्हणजे सार्वजनिक वाचनालयातून. 1840 सालची ती संस्था, पण तिथून जेलरोडपर्यंत पुस्तक आणायचं म्हणजे संध्याकाळच्या ट्रॅफिकमधे एकीचा जीव जातो. त्यामुळे आणेल तिचा आवाज मोठा, असा एक अलिखित कायदा आहे.

यावेळी पुस्तक आणायला काकूंची सून जाणार होती, म्हणून निवड काकूंनी केली. त्यांना रहस्यकथा हवीय. मॅडम म्हणाल्या, त्यात चर्चा करण्यासारखं काय असणार? काकूंचं म्हणणं, चर्चा करू नका, खुनी ओळखा. नातवंडांना यातून काय सांगणार, असं कुणीतरी गमतीत विचारलं. तर म्हणाल्या, “त्यांना कशाला सांगू? मी वाचणाराय.” पुस्तक परवा आलं. आधी ते काकूंकडे आहे, मग वहिनींकडे जाईल. शेवटचं पान कुणीही आधी उघडायचं नाही, आणि दुधाचा हिशेब त्यावर मांडायचा नाही, असं ग्रुपवर जाहीर झालंय.